खुरसाकडची खुर्ची

मालवण, १६ जून २०२४

प्रिय सबीन,

फोन तू उचलत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर तुझा फोटोही दिसेनासा झाला. याचा अर्थ तू मला ब्लॉक केलंस, हे बाबलीने मला समजावून सांगितलं. बाबली म्हणजे तोच, आपल्या कुंपणापलीकडचा काजूवाला, मी शिकवायचे त्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. आता रिक्षाही चालवतो. म्हणून हे पत्र. पोस्टातल्या मुलीने पाकिटावरचा इंग्लंडचा पत्ता वाचला आणि मी कबूतर घेऊन आल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली.

मालवणीत लिहिणार होते. पण मालवणीत लिहायला बसलं की आपलं पहिल्याच ओळीत भांडण होतं. मराठीत मी निदान टीचर असते.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात आपल्या खुरसाकडे, वाडीच्या क्रूसासमोर, तुझ्या गेलेल्या नवऱ्याच्या, क्लाइव्हच्या नावाची लादीन झाली. सगळी वाडी गुडघ्यांवर प्रार्थना गात होती आणि मी मागे, फणसाखाली, प्लास्टिकच्या खुर्चीत. तू पुढे पायरीवर गुडघे टेकून पहिला आवाज लावलास आणि दुसऱ्या आवाजासाठी, म्हणजे माझ्यासाठी, वळून पाहिलंस. दुसरा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी चहाही न घेता तू मोप्याच्या विमानतळाकडे निघालीस आणि गाडीच्या दारातून मला म्हणालीस, “माझ्या घोवासाठी ढोपर टेकूक तुका जड झालां.” मी काहीच बोलले नाही. तू त्याला उत्तर समजलीस.

सबीन, माझे गुडघे गेलेत. दोन वर्षं झाली. देवळात मी मागच्या बाकावर बसते ते फादरच्या प्रवचनाला कंटाळून नाही, तिथून दार जवळ आहे म्हणून. न्हाणीघरात धरायला बाबलीने दांडी ठोकून दिली आहे, तिच्यावर मुद्दाम टॉवेल वाळत घालून ठेवला होता, तुला दिसू नये म्हणून. तुला कळलं असतं तर तू रियाला सांगितलं असतंस, मग दोघी मायलेकींनी ‘बाय एकटी कशी राहणार’ हा विषय काढला असता, आणि त्या विषयाच्या शेवटी हे घर विकलं जातं हे मला ठाऊक आहे. म्हणून गप्प बसले. त्या दिवशी खाली बसले असते तर मला उठवायला चार माणसं लागली असती. क्लाइव्हच्या लादीनीत माझा तमाशा नको, एवढंच डोक्यात होतं. आणि मागून, खुर्चीतून, सगळ्यांच्या डोक्यांवरून गायची मला लाज वाटली.

क्लाइव्ह मला फारसा आवडत नव्हता, हे खरंच आहे. माझं डुकराचं सोरपोतेल खाऊन तो म्हणाला होता की इतकं आंबट, परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. ते मी अजून विसरलेले नाही. पण गेलेल्या माणसाच्या नावाने गुडघे टेकायचे नाहीत, इतकी मी कडू नाही.

तुला आठवतं का, लहानपणी लादीन संपली की आपण फ्रॉक वर करून कुणाच्या गुडघ्यावर चिऱ्याची नक्षी जास्त खोल उमटली ते बघायचो? तुझी नेहमी जास्त, कारण तू पायरीच्या खडबडीत कोपऱ्यावर मुद्दाम बसायचीस. मग उकडलेल्या चण्यांचा द्रोण आधी तुला. उठताना तू माझा हात धरायचीस, मी तुझा खांदा. एकटीने उठायचं असतं हे आपल्याला माहीतच नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात क्लाइव्हची लादीन पुन्हा ठेवते. त्या दिवशी मी पायरीवर गुडघे टेकून तुझ्या शेजारी गाणार. तू ये. बाकी मला काही नको.

तुझी,
बाय


मालवण, ११ ऑगस्ट २०२४

प्रिय सबीन,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पत्र परतही आलं नाही, म्हणजे घरात ठेवलंयस. 

मी व्यायामाला जाऊ लागले आहे. हसू नकोस. शाळेच्या पी.टी.च्या तासाला वर्गात वह्या तपासत बसणारी मी, आता आठवड्यातून दोनदा बाबलीच्या रिक्षातून बाजारात जाते. समीक्षा नावाची फिजिओथेरपिस्ट आहे, मूळची जामसंड्याची, माझ्या दृष्टीने अजून शाळेत असायला हवी अशी. तिने माझा गुडघा धरला, वाकवला, सरळ केला, मला खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. मी उठले नाही. उठताच येईना.

“टीचर, ही दोन वर्षं काय केलंत?” तिने विचारलं.

“जपले,” मी म्हटलं. “जिना बंद केला, बाजार बंद केला, बाबलीकडून मासे मागवते. झिजलेत ते अजून झिजू नयेत म्हणून.”

“गुडघा म्हणजे चप्पल नव्हे टीचर, सणासुदीला वापरायची म्हणून ठेवून द्यायला. बसून बसून मांडीचा स्नायू गेलाय तुमचा. सगळा भार एकट्या सांध्यावर येतो. मग तो ओरडणार नाही तर काय?”

आपल्या वाडीत कुणाचा गुडघा दुखला की पहिला सल्ला काय असतो? बस गो, हलू नको. आईला सगळ्यांनी तेच सांगितलं आणि प्रेमानेच सांगितलं. पाणी हातात, ताट हातात, रोझरीची माळसुद्धा खाटेवर आणून द्यायची. ती शेवटी अंगणापर्यंतही जायची नाही, आणि आपण म्हणायचो की बरं झालं, आईला आराम मिळतो. समीक्षासमोर बसून मला हे आठवलं आणि डोळे भरून आले. तिला वाटलं गुडघा दुखला.

मग तिने विचारलं, बरं वाटल्यावर काय करायचंय. सगळ्यांना विचारते ती. कुणी सांगतं जिना चढायचाय, कुणी सांगतं नातवाच्या मागे धावायचंय. मी म्हटलं, ढोपर टेकायचंय. दगडावर, लादीन संपेपर्यंत.

ती लगेच हो म्हणाली नाही, म्हणून मला ती आवडली. म्हणाली, “चालणं, जिना, खुर्चीवरून उठणं, हे सुधारेल असं मला वाटतं. गुडघे टेकणं सगळ्यांना जमतंच असं नाही. मे महिना लांब आहे, प्रयत्न करू. पण वचन नाही देत.”

तर आता माझा दिनक्रम ऐक. सकाळी पलंगावर पाय पसरून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती गादीत दाबायची, दाबून धरायची. मग एक पाय वाकवून दुसरा सरळ वर. समीक्षा म्हणते दहा मोजेपर्यंत धरा. मी आकडे मोजत नाही, एक नमो मरिया म्हणते, तेवढ्यात होतंच. अशा रीतीने पाय वर-खाली करताना एक पूर्ण रोझरी होते. फादरला विचारलं की हे पाप आहे का. त्यांनी त्यांचे स्वतःचे गुडघे दाखवले आणि व्यायाम लिहून मागितले.

सगळ्यात वाईट प्रकार खुर्चीचा. बसा, उठा, बसा, उठा. समीक्षाच्या हॉलच्या दारात बाबली उभा राहून बघत होता. “टीचरांनू,” म्हणाला, “तुमी आमका वर्गात उठाबशो काढूक लावलास, आता देवान तुमका लावल्यान.” तिथली सगळी दुखऱ्या गुडघ्यांची बायामाणसं हसली. मीही हसले, आणि हसताना हात न टेकता उठले. समीक्षाने टाळी वाजवली, मला लहान मुलासारखं वाटलं, आणि खरं सांगू, बरं वाटलं.

तुझी,
बाय


मालवण, २० ऑक्टोबर २०२४

प्रिय सबीन,

यावेळी बातमी चांगली नाही, आणि दोष सर्वस्वी माझ्या जिभेचा, म्हणजे चवीचा.

सप्टेंबरअखेर मी स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून अर्धी खाली वाकू शकत होते, पुन्हा वर येत होते. मागच्या दाराची पायरी चढउतर करत होते, आधी बरा पाय, मग वाईट. खोबरं किसायचा आडाळो तेवढा समीक्षाने जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवायला लावला. टेबलावर आडाळो. आई असती तर तिने क्रूसाची खूण केली असती.

दुखणं बरंच उतरलं होतं. म्हणून परवा सकाळी ओहोटीने खाडीला सुकती लागलेली बघितली आणि माझं डोकं फिरलं. टोपली घेतली, साडी खोचली आणि गेले तिसऱ्यांचे शिंपले काढायला. किती वर्षांनी. तोच चिखलाचा वास, तेच पायाखाली टोचणारे शिंपले. तू आणि मी अशाच सुकतीला उकिडव्या बसायचो, तू हाताने चाचपून शिंपला ओळखायचीस आणि मी दगड उचलून आणायचे. मग तू माझ्या टोपलीत गुपचूप तुझ्या तिसऱ्या टाकायचीस, आईने मला बोलू नये म्हणून. मला ते माहीत होतं. तुला माहीत होतं का, की मला माहीत होतं?

उकिडवी बसले, आणि बसूनच राहिले. भरती सुरू झाली तेव्हा कळलं की उठता येत नाही. लाज वाटून हाकही मारली नाही. शेवटी पलीकडे कालवं फोडणाऱ्या सावित्रीनेच मला पाहिलं आणि काखेत हात घालून काढलं. दोन्ही गुडघे भोपळ्याएवढे झाले.

समीक्षा रागावली. शाळेत मी कुणावर रागावले नसेन इतकी. “थोडं दुखलं तर चालतं, मी सांगितलं होतं ना? पण दुसऱ्या सकाळपर्यंत उतरायला हवं. तुम्ही एका दिवसात सगळं आयुष्य वसूल करायला गेलात.” मग बर्फाची पिशवी ठेवताना हळू आवाजात, “तिसऱ्या तरी गावल्यो?” म्हटलं, टोपली वाहून गेली. तेव्हा कुठे हसली.

आता पुन्हा टॉवेलच्या गुंडाळीपासून सुरुवात. मे महिना मला आता पूर्वीएवढा लांब वाटत नाही. रात्री पडल्या पडल्या विचार येतो की तू येशील, पायरीवर बसशील, वळून बघशील, आणि मी पुन्हा फणसाखाली खुर्चीत. दुसऱ्यांदा तू माफ करणार नाहीस. मला भीती वाटते, सबीन. लिहून टाकलं म्हणजे जरा कमी होईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

तुझी,
बाय


मालवण, २८ डिसेंबर २०२४

प्रिय सबीन,

नाताळ झाला. नेवऱ्या केल्या, गूळ-नारळाचा दोदोल सावित्रीने ढवळून दिला. वाडीतली मुलं गाणी म्हणत आली. त्यांच्यात एक मुलगी पहिला आवाज छान लावते, वाडीतल्या डायलनची धाकटी लेक. मी दारात उभी राहून दुसरा आवाज धरायचा प्रयत्न केला. पण ती मुलगी माझ्याकडे बघून गोंधळली. दुसरा आवाज एकट्याने म्हटला तर तो कुठल्याच गाण्यासारखा लागत नाही ना. पहिल्याच्या अंगाला अंग लावून चालला तरच त्याला अर्थ. आयुष्यभर मी हेच गात आले आणि तू गेल्यावर वाडीतल्या लोकांना वाटलं मला गाणंच येत नाही.

रियाने मला नाताळचा फोटो पाठवला. (तिने मला ब्लॉक केलेलं नाही. तिला रागावू नकोस.) झाड सुंदर आहे. पण झाडामागे पलंग दिसतो, आणि त्यावर तुझी निळी गोधडी. हॉलमध्ये पलंग का? तुझी झोपायची खोली वर आहे. वरच्या खिडकीतून बागेतलं सफरचंदाचं झाड दिसतं म्हणून तू त्या खोलीसाठी क्लाइव्हशी भांडली होतीस.

सबीन, मी जिना बंद केला तेव्हा मीसुद्धा पलंग खाली आणला होता. आणि सगळ्यांना सांगितलं होतं की वर उकडतं.

मी काही विचारत नाही. एवढंच सांगते की मी आता आपला माडीचा जिना चढते, कठड्याला धरून, सकाळ-संध्याकाळ. वरच्या खिडकीतून समुद्र दिसतो. दोन वर्षं तो तिथेच होता.

तुझी,
बाय


मालवण, २ मार्च २०२५

प्रिय सबीन,

तुझं पत्र आलं. पोस्टातल्या मुलीने स्वतः घरी आणून दिलं. मालवणीत लिहिलंस, त्यामुळे पहिल्या ओळीत भांडण आहेच. “बाय, तुझा डिटेक्टिव्हपणा पुरे.” बरं, पुरे.

पण पुढचं मी इतक्यांदा वाचलं की कागद मऊ पडला. “त्या दिसा लादीन सोपल्यार उठाक गेलंय, ढोपरात कळ इली. हात फुडे केलंय. तू थंय नाय होतंस. माका राग क्लाइव्हचो नाय इलो गो. माका राग त्या हाताचो इलो.”

मी इतके महिने क्लाइव्हच्या नावाने पायरीवर गुडघे टेकायची तयारी करते आहे, आणि तुला हवा होता तो फक्त उठताना एक हात. फणसाखालून मला तुझी पाठ दिसत होती. तू उठताना जरा थांबलीस तेही दिसलं होतं. मला वाटलं, रडते आहे. उठून आले असते गं. पटकन उठता येत नव्हतं.

आणि तूही माझ्यासारखीच निघालीस. दुखतंय म्हणून हलायचं नाही, हललं नाही म्हणून अजून दुखतं, आणि वर कुणाला सांगायचं नाही. दोघींची हाडं आईची, डोकीपण तिचीच.

आता नीट ऐक, मी टीचर म्हणून बोलते आहे. आधी तिथल्या डॉक्टरला गुडघा दाखव. तुझा गुडघा माझा नव्हे, तिकडची फिजिओथेरपिस्ट सांगेल ते तुझं. तोपर्यंत समीक्षाला विचारून एवढंच लिहिते. टॉवेलची गुंडाळी दाब. खुर्ची भिंतीला टेकवून ठेव, उंच उशी घाल, आणि हळू ऊठ-बैस कर. बसताना धपकन पडू नकोस, शेवटचं वीतभर अंतर सांभाळून जा, तिथेच खरा व्यायाम आहे. घराबाहेर पड, गेटपर्यंत का होईना. थोडं दुखलं तर घाबरू नकोस, दुसऱ्या सकाळी काय म्हणतं ते बघ. आणि तिकडे सुकती लागली तरी जाऊ नकोस.

तू लिहिलंस, “मी येवन काय करू, माका ढोपर टेकूक जमाचां नाय, लोक काय म्हणतले.” लोक तेच म्हणतील जे माझ्याबद्दल म्हणाले. मी काही मेले नाही.

ये तू.

तुझी,
बाय


स्वयंपाकघराच्या टेबलावर, १८ मे २०२५, सकाळ

सबीन,

तुला उठवलं नाही. विमानाचा शीण, त्यात गोव्याच्या सीमेवर इन्सुलीच्या नाक्यावर गाडी उन्हात तटलेली. काल गाडीतून उतरताना तू माझा हात झिडकारलास, मग धरलास, आणि दारापर्यंत सोडला नाहीस. बाबलीने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्याला मी शाळेत काहीतरी शिकवलं असावं.

चहा टोपात आहे, गरम कर. चणे उकडून ठेवलेत, आधीच खाऊ नकोस. मी खुरसाकडे पायरी झाडायला गेले आहे. खरं म्हणजे एकदा जाऊन आले, आता दुसऱ्यांदा जाते आहे.

पहिल्यांदा गेले तेव्हा तिथे कुणी नव्हतं. मी पायरीला हात लावला, समीक्षाने शिकवलं तसा एक पाय मागे नेला आणि खाली गेले. दोन्ही गुडघे दगडावर. गोधडीची घडी नेली होती, ती बाजूला ठेवली. दुखलं. पण राहिले. क्लाइव्हसाठी जेवढं म्हणायचं ते सगळं म्हटलं, आणि शेवटी त्याला सांगितलं की सोरपोतेलाबद्दल तो बरोबर होता, व्हिनेगर जास्तच होतं. मग एक पाय पुढे घेऊन उठले. एकटीने. वर्षभर हेच हवं होतं ना मला? उभी राहिले आणि बाजूला बघितलं, कुणाचा तरी खांदा असेल म्हणून.

तेव्हा संध्याकाळचं असं ठरवलं आहे. मी गुडघे टेकणार नाही. काल तू म्हणालीस, “तू बस गो ढोपरार, मी बसतंय मागे खुर्चीत.” ते होणार नाही. फणसाखालची खुर्ची बाबली आता पायरीजवळ आणून ठेवतो आहे, आणि तिच्या शेजारी दुसरी. अगदी चिकटून. वाडी काय म्हणायचं ते म्हणू दे, तिचे गुडघे अजून कोवळे आहेत. तू पहिला आवाज लाव. वळून बघायचं कारण पडणार नाही.

तुझी काठी दाराआड आहे. पायरीपर्यंत चालत ये, तेवढं जमेल तुला, मध्ये फणसाला टेक. लवकर ये मात्र. माझ्या गुडघ्यावर चिऱ्याची नक्षी उठली आहे, चांगली खोल, तुझ्याहून खोल, आणि ती काही जेवणापर्यंत टिकायची नाही.

बाय